सुरतेची पेठ आणि मराठी वेणीफणी

महाराष्ट्राच्या स्मृतीत सुरत हे नगर मुख्यतः दोन प्रसंगांमुळे ठाण मांडून बसले आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी मोगल बादशाहीच्या या सर्वांत संपन्न बंदरावर स्वारी केली तो एक, आणि १९०७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेच्या मंडपात जहाल व मवाळ यांची ताटातूट झाली तो दुसरा. पहिल्याने बखरकारांना विषय पुरवला आणि दुसऱ्याने चरित्रकारांना. परंतु या दोन गाजलेल्या दिवसांच्या मागे सुरतेचे मराठी घरांशी आणखी एक नाते होते, जे तलवारीने जडले नव्हते की ठरावांनी, आणि ज्याची दप्तरी नोंद ठेवण्याचे कोणा कारकुनाला कारण पडले नव्हते. देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात जी फणीकरंड्याची पेटी असे, तिच्याशी ते नाते होते. मराठी स्त्रीच्या मस्तकावरील तो घट्ट, तकतकीत, एकही बट इकडची तिकडे न झालेला अंबाडा हा केवळ तिच्या हातांचा गुण नव्हता. त्याच्या पाठीशी एक बंदर होते, एक बाजार होता, आणि डोके उघडे ठेवण्याची एक रीत होती.

सरळ केसांची रचना ही दिसते तितकी सोपी कला नाही. कुरळा केस आपल्या वळणानेच शेजारच्या केसाला धरून ठेवतो. सरळ केसाचा छेद बहुधा वर्तुळाकृती असल्यामुळे तो गुळगुळीत, निसरडा आणि स्वतंत्र वृत्तीचा असतो. मुळाशी घातलेले तेल त्याच्या अंगावरून टोकापर्यंत सहज उतरते, आणि हजारो केस एकाच दिशेने बसले म्हणजे त्यांच्यावर पडलेला प्रकाश एका पट्ट्याने परत फिरतो. आपण ज्याला तकाकी म्हणतो ती हीच. पण ज्या गुणामुळे ही तकाकी येते त्याच गुणामुळे गाठ सुटते, पेड ओघळतो, आणि सकाळी घातलेला खोपा तिसऱ्या प्रहरी मानेवर उतरतो. म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनी नहाण्याच्या दिवशी अंबाडा घालण्याची घाई केली नाही. शिकेकाई-रिठ्याने धुतलेले केस उदाच्या धुरीवर वाळवायचे, दुसऱ्या दिवशी तेल मुरवायचे, आधी कंगव्याने गुंता काढून मग बारीक दात्यांची फणी मुळापासून शेवटापर्यंत ओढायची, फणीच्या टोकाने नाकाच्या रेषेत भांग पाडायचा, आणि त्यानंतर आधी वेणी घालून मगच तिचे वेटोळे करायचे. नुसते केस पिळून बांधलेला तो बुचडा, कामाच्या घाईतला. वेणीचे अंग असलेला तो अंबाडा, चारचौघांत मिरवण्याचा. केस विरळ असतील तर आत गंगावन घातले जाई. तिपेडी वेणी रोजची. पाचपेडी, सातपेडी सणावाराची. आणि सागरवेणीला तर दुसऱ्या बाईचे दोन हात लागतच. आपल्या मस्तकाची मागची बाजू मनुष्याला दिसत नाही, या साध्या गोष्टीमुळे वेणीफणी हा घरातील स्त्रियांचा परस्परांवर अवलंबून असलेला व्यवहार झाला. सासुरवाशिणीची वेणी जी घाली, तिच्यापाशीच तिचे मन मोकळे होई.

या कलेची प्राचीनता सांगण्यासाठी लांब जावयास नको. तापीच्या खोऱ्यातच ती आहे. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर नदी खानदेशात उतरून तापीला मिळते, आणि ते पाणी प्रकाशे तीर्थावरून सुरतेला जाऊन समुद्रात पडते. त्या लेण्यांतील सतराव्या गुंफेत, पाचव्या शतकात वाकाटकांच्या अमदानीत रंगवलेले एक प्रसाधनाचे चित्र आहे: हाती दर्पण घेतलेली राजस्त्री आणि तिच्या भोवतीच्या दासी. त्या भिंतींवरील केशरचना जो लक्षपूर्वक पाहील त्याला तेथे वेणीची, जुड्याची, फुलांनी वेढलेल्या केशभाराची, कपाळावर मुद्दाम सोडलेल्या बटांची इतकी रूपे सापडतील, की अमरकोशाने कबरी, धम्मिल्ल, वेणी असे निरनिराळे शब्द का राखून ठेवले याविषयी त्याच्या मनात शंका उरणार नाही. चित्रकाराने रेषेरेषेने दाखवलेला तो कौशल्याचा अभिमान पाहिला म्हणजे, केस विंचरणे हे त्या समाजात क्षुद्र कृत्य मानले जात नव्हते, एवढे तरी निश्चयाने म्हणता येते.

आता सुरतेकडे वळू. सतराव्या शतकातील सुरत म्हणजे हिंदुस्थानचा पश्चिम दरवाजा. मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे येथूनच सुटत. इंग्रजांचे पहिले जहाज १६०८ मध्ये येथेच नांगरले आणि थोड्याच वर्षांत त्यांची वखार येथे उभी राहिली. बंदराचा कारभार पाहणाऱ्या बादशाही अंमलदाराला मुत्सद्दी म्हणत, आणि त्याच्या हाताखालच्या जकातीचा वसूल इतका मोठा होता की शाहजहानने या बंदराचे उत्पन्न आपली लाडकी कन्या जहाँआरा हिच्या खासगीकडे लावून दिले होते. बादशहाच्या जनानखान्याचा खर्च ज्या बंदरातून निघे, त्या बंदरातून जनानखान्याच्या शृंगाराच्या वस्तूही निघाव्यात, यात नवल नाही.

त्या वस्तूंपैकी पहिली हस्तिदंत. गुजरातेचे कापड घेऊन जाणारी जहाजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून परत येताना हस्तिदंत भरून आणीत, कारण गुजरातेत नववधूच्या हातातील चुडा हस्तिदंताचाच हवा, असा दंडक होता. चुड्याच्या कारागिराला जे सुळे लागत त्यांच्याच पाट्यांतून फण्या कापता येत. फणीला हस्तिदंतासारखा पदार्थ नाही, हे जिने वापरली आहे तीच जाणे. लाकडाचा दाता कालांतराने खडबडतो व केसाची साल काढतो, शिंगाचा वाकतो; हस्तिदंताचा दाता मात्र तेल पिऊन वर्षानुवर्षे अधिकच गुळगुळीत होत जातो. एका बाजूस जाड व विरळ, दुसऱ्या बाजूस बारीक व दाट दाते असलेली ती दुतोंडी फणी लेकीला माहेरच्या आहेरात मिळे आणि पुढे तिच्या लेकीकडे जाई. हत्तींची जी अपरिमित हत्या या व्यापाराने झाली तिचा विचार आज मनाला सोसवत नाही, आणि ती वस्तू आता आपल्याकडे घडत नाही हे योग्यच आहे. पण इतिहास लिहिताना तिचे नाव वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

दुसरी वस्तू पेटी. चंदन, हस्तिदंत, आबनूस आणि कथील यांच्या त्रिकोणी-चौकोनी काड्या एकत्र चिकटवून त्यांची जुडी करायची, आणि मग त्या जुडीचे आडवे पातळ काप काढून ते पेटीच्या अंगावर बसवायचे: सादेली नावाची ही जडावाची कारागिरी इराणातील शिराजहून सिंधमार्गे सुरतेस आली आणि सुरतेहून मुंबईस गेली, असे तिचे कुळकथन आहे. एकेका कापात तोच नक्षीचा तारा पुनःपुन्हा उमटतो. चंदनाचा वास लाकडात टिकून राहतो. तिसरी वस्तू आरसा. काशाचे घासलेले दर्पण आमच्याकडे पूर्वापार होते, पण पाऱ्याच्या काचेचा युरोपी आरसा आला तो अशाच बंदरांतून; वखारवाले इंग्रज मोगल अंमलदारांना जे नजराणे करीत त्यांत आरसे असत. आरशाने वेणीफणीत केवढा पालट केला, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. धूसर दर्पणात मुखाची आकृती दिसते. काचेच्या आरशात भांग रेसभर वाकडा पडला तरी तो दिसतो. नीटनेटकेपणाची आमची कल्पनाच आरशाने कडक केली, असे मला वाटते.

आणि चौथी वस्तू, जिच्यावाचून सुरतेचे नाव पुरे होत नाही, ती जर. रुप्याच्या लगडीवर सोन्याचा मुलामा चढवून ती लगड पोलादी पट्टीच्या उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढायची. केसाहून बारीक झालेली ती तार ठोकून चपटी केली म्हणजे बादला, आणि तो बादला रेशमाच्या धाग्यावर गुंडाळला म्हणजे कलाबतू. येवल्याच्या पैठणीच्या पदरावरचे मोर या जरीने उजळले, हे सर्वांस ठाऊक आहे. पण वेणीच्या शेवटाला लावलेल्या रेशमी गोंड्यांतही जरच चमके. मूद, राखडी, केवडा, चंद्रकोर, अग्रफूल असे सोन्याचे दागिने सावकार-सरदारांच्या घरचे. साध्या घरच्या मुलीच्या वाट्याला सोने आले तर ते एवढेच, गोंड्यातल्या चार कलाबतूच्या धाग्यांवरचे. त्या धाग्यांची चमक मी कोणत्याही राखडीपेक्षा कमी मानणार नाही.

अठराव्या शतकात या मुलखाशी मराठ्यांचा संबंध स्वारीचा न राहता वहिवाटीचा झाला. पिलाजी गायकवाडांनी सोनगडावर ठाणे बसवले. सुरतेभोवतालच्या अठ्ठावीस महालांचा प्रदेश सुरत अठ्ठाविशी या नावाने मराठी दप्तरांत रुळला. चौथाईच्या वसुलासाठी कमाविसदार बसले. आणि १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांचे हक्क इंग्रजांकडे गेल्यानंतरही नवसारी, व्यारा, सोनगड हा टापू गायकवाडांच्या अमलाखाली राहिला. फडणीस, कारकून, शिलेदार, भिक्षुक यांची कुटुंबे या प्रदेशात वसली, आणि त्यांच्याबरोबर केसांविषयीच्या दोन निराळ्या चाली शेजारी शेजारी आल्या. गुजराती कुलीन स्त्रीच्या मस्तकावर पदर. तिचा अंबोडा सुबक असला तरी तो पदराखालचा, घरच्यांनीच पाहावयाचा. पारशी स्त्रीच्या केसांवर माथाबाणा, म्हणजे पांढऱ्या मलमलीचा घट्ट रुमाल. एकोणिसाव्या शतकात तो हळूहळू मागे सरकला, कपाळावरचे केस दिसू लागले आणि शेवटी तो बहुतेक घरांतून गेलाच. मराठा सरदारांच्या स्त्रियाही डोक्यावरून पदर घेत. परंतु नऊवारी नेसणाऱ्या दक्षिणी ब्राह्मण स्त्रीचे मस्तक सवाष्णपणी उघडे असे. तिचा अंबाडा, त्यातले फूल, भांगाची रेषा ही सर्व चारचौघांच्या नजरेसमोर असल्यामुळे तिची केशरचना हे तिचे सार्वजनिक रूप बनले. झाकलेल्या केसांना स्वच्छता पुरते; उघड्या केसांना घोटीवपणा लागतो. मराठी अंबाड्याच्या काटेकोरपणाचे मूळ माझ्या मते येथे आहे, एखाद्या जातीच्या किंवा प्रांताच्या सौंदर्यबुद्धीत नाही.

पण जे मस्तक सौभाग्यासाठी उघडे होते, तेच वैधव्यात वस्तऱ्याखाली जाई. आलवणातल्या त्या स्त्रियांचे स्मरण न करता वेणीफणीचे कौतुक करणे मला अशक्य वाटते. ज्या घरात एका सुनेची पाचपेडी वेणी घातली जात असे, त्याच घरात दुसरीला केसाच्या स्पर्शापासून जन्मभर वंचित ठेवले जाई. आणि वेणी घालणारे हात कित्येकदा त्या दुसरीचेच असत. या दुःखाच्या निवारणाचा विचार ज्या नगरांत लवकर सुरू झाला त्यांत सुरत आहे, आणि त्यात एका मराठी पुरुषाचा वाटा आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर शिक्षक म्हणून सुरतेस होते. त्यांनी आणि तेथील सुधारक दुर्गाराम मेहताजींनी १८४४ मध्ये सुरतेत मानवधर्मसभा स्थापन केली. जातिभेद, मंत्रतंत्र, भूतबाधा यांवर त्या सभेत उघड चर्चा होई, आणि दुर्गारामांनी विधवांच्या पुनर्विवाहाचा पक्ष घेतला होता. त्याच सुरतेत १८३३ मध्ये जन्मलेले कवी नर्मद यांनी पुढे हा पक्ष लेखणीने आणि कृतीनेही चालवला. आपल्या नगरावरील प्रेमापोटी त्यांनी सुरतेची मुखत्सर, म्हणजे थोडक्यात, हकीकतही लिहून ठेवली. केशवपनावर प्रत्यक्ष घाव मात्र मुंबईस पडला. १८९० मध्ये कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने जमलेल्या न्हाव्यांनी विधवांच्या मस्तकाला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. पंडितांनी शास्त्राधार शोधत बसावे आणि वस्तरा ज्याच्या हाती त्यानेच तो खाली ठेवावा, याहून उदात्त प्रसंग मला त्या काळच्या सुधारणेच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

मोकळ्या केसांना आमच्या परंपरेत शोभेचे स्थान नव्हते. केस सोडलेली स्त्री म्हणजे शोक करणारी, प्रतिज्ञा केलेली द्रौपदी, किंवा अंगात आलेली. घरंदाज स्त्री न्हाल्यावर केस वाळेपर्यंतच ते मोकळे ठेवी. ही दृष्टी पालटवली ती चित्रांनी. राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी पौराणिक चित्रमालिका रंगवली, १८९४ मध्ये मुंबईस शिळाछापखाना काढला, आणि पाठीवर केस सोडलेल्या लक्ष्मी-सरस्वती भिंतीभिंतीवर आल्या. चित्रांनी केस सोडले, तर रंगभूमीने ते पुन्हा बांधले. बालगंधर्वांनी ‘मानापमाना’तील भामिनी आणि ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी यांच्या रूपाने जो अंबाडा आणि जो गजरा मिरवला, त्याचे अनुकरण पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी केले. बालगंधर्वांची सिंधूची भूमिका असलेला ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये प्रथम रंगभूमीवर आला तो बडोद्यास, सुरतेच्याच लोहमार्गावर. आणि गुजराती रंगभूमीवर त्याच्या काही वर्षे आधीच जयशंकर भोजक नावाचा विसनगरचा एक नट ‘सौभाग्यसुंदरी’ नाटकातील भूमिकेने इतका लोकप्रिय झाला की ‘सुंदरी’ हेच त्याचे नाव पडले आणि मुंबईच्या गुजराती स्त्रिया त्याच्या पेहरावाचा कित्ता गिरवू लागल्या. दोन भाषांतील स्त्रियांना केस कसे माळावेत हे दोन पुरुषांनी शिकवावे, याचे कारण एवढेच की उघड्या व्यासपीठावर उभे राहून सर्वांना दिसण्याचा अधिकार त्या काळी पुरुषालाच होता. तरीही या दोघांनी स्त्रीच्या शृंगाराकडे ज्या आदराने पाहिले, त्या आदराचा लाभ स्त्रियांना झाला, हे मान्य केले पाहिजे.

पुढचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. तारेचे आकडे आणि पिना बाजारात आल्या, बोलपट आले, पाचवारी पातळाबरोबर अंबाडा मानेवर उतरला आणि पुढे त्याचीही जागा एकेरी वेणीने, शेपट्याने घेतली, आणि ‘लव्ह इन सिमला’ या चित्रपटानंतर नटी साधना हिच्या नावाचा साधना कट कपाळावर आला. आकड्यांमुळे एक गोष्ट घडली: बाई एकटीच, दोन आरशांच्या मध्ये उभी राहून, आपले केस बांधू शकू लागली. तिचा वेळ वाचला, आणि पाठीमागे बसणारी नणंद उठून गेली.

सुरतेचा मराठी मुलुखाशी असलेला संबंध मात्र या काळात तुटला नाही. उलट तो उलट्या दिशेने अधिक दाट झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत अमळनेरला आणि खानदेशाला जोडली. एके काळी सुरतेची जर तापीच्या वरच्या अंगाला जात होती. आता धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतील माणसे तापीच्या खालच्या अंगाला, सुरतेच्या यंत्रमागांवर, जाऊ लागली. उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांतून आज अहिराणी सर्रास ऐकू येते. पुरुष मागावर किंवा रंगाईच्या कारखान्यात. स्त्रिया घरबसल्या साड्यांना लेस लावतात, टिकल्या व खडे चिकटवतात, सुटे धागे कापतात. नगावर मिळणारी मजुरी तुटपुंजी, डोळ्यांना ताण फार. देशभरातल्या स्त्रियांच्या अंगावरची झळाळी या दहा बाय दहाच्या खोल्यांतून जाते, आणि त्या कामाची कदर तिच्या शतांशानेही होत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. खऱ्या जरीचे कारागीर थोडे उरले आहेत. सुरतेच्या जरीकामाला भौगोलिक मानांकनाचे संरक्षण मिळाले असले तरी बाजारात बहुतांश चमक पॉलिएस्टरवर चढवलेल्या धातूच्या मुलाम्याची आहे, आणि शाळकरी मुलींच्या दोन वेण्यांवरच्या रिबिनीही तशाच कृत्रिम धाग्याच्या आहेत.

शहराच्या दुसऱ्या अंगाला, हिरे-कापडाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या वस्त्यांत, ब्यूटी पार्लरांतून सरळ केसांचे नवे युग अवतरले आहे. तापलेल्या पट्ट्यांत केस दाबून सरळ केले म्हणजे त्यांच्या आतील जे बंध उष्णतेने सुटून नव्या आकारात जुळतात ते पाण्याचा थेंब लागताच पुन्हा सुटतात, म्हणून सुरतेच्या दमट हवेत ती सफाई पावसाळ्यात टिकत नाही. रसायनाने अधिक बळकट बंध तोडले तर ती महिनोन्‌महिने टिकते, पण केसाचे बळ जाते. ज्या सरळ केसाला बांधून ठेवण्यासाठी पूर्वीच्या स्त्रियांनी तेल, पेड आणि गंगावन यांचे शास्त्र रचले, तो सरळपणाच आता विकत घेण्याची वस्तू झाला. लग्नाच्या मांडवात मात्र नवरीला अजून अंबाडाच हवा असतो. जाळी आणि स्पंजचे कडे आत घालून तो उंच करतात, वरून गजरा गुंडाळतात. कडे म्हणजे गंगावनाचेच काम. नाव तेवढे बदलले.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने चढवून देवी सजवतात, रोट करतात, आणि सोमवारी वाजतगाजत तिला पाण्यात पोचवतात. सुरतेतल्या खानदेशी वस्त्याही हा सण सोडत नाहीत. त्या दिवशी लेस-टिकल्यांचे काम बंद असते. शेजारणी एकमेकींच्या पाठीमागे बसून अंबाडे घालतात, कारण मिरवणुकीत फुगडी घालायची तर पिनांवर विसंबून चालत नाही. आधी वेणी घट्ट पाहिजे. पोरींच्या केसांना जे गोंडे लावतात ते भटार किंवा लाल दरवाजाच्या दुकानातून नव्हे, तर स्वतःच्याच खोलीत उरलेल्या लेसच्या तुकड्यांतून घरी केलेले असतात.